आरशात दिसली नाही तर

ओटिलिया विकायचं ठरलं तेव्हा नॉर्बर्ट क्रूगरने बायकोला सांगितलं की ती दुरुस्तीला चालली आहे. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. उभं आयुष्य त्याने मिनेसोटात दुधाचा टँकर चालवला आणि एकाही शेतकऱ्याने कधी त्याच्या मापाबद्दल कुरकुर केली नाही. पण ज्याला सवय नसते त्याचंच खोटं लोकांना पटकन पटतं. आर्लिसनेही लगेच विश्वास ठेवला. किती दिवस लागतील, असं तिने विचारलं, आणि तो उत्तर जुळवत होता तोवर प्रश्नच विसरली.

ओटिलिया म्हणजे त्यांचं मोटरहोम. नॉर्बर्टच्या एका आत्याचं हे नाव. आत्या दारातून आडवी होऊन आत यायची, चार पायऱ्या चढली की धापा टाकायची, आणि एकदा खुर्चीत बसली की तिला उठवायला दोघे लागायचे. गाडीचंही तेच होतं. क्रीम रंगाची, पोटावरून तपकिरी पट्टा गेलेली, आत दोघांपुरता पलंग, शेगडी, न्हाणीघर आणि भिंतीला चिकटपट्टीने डकवलेले नातवंडांचे फोटो. नॉर्बर्ट निवृत्त झाला त्या उन्हाळ्यात त्यांनी ती जुनीच विकत घेतली. तेव्हापासून दर सप्टेंबरला, शाळा सुरू होऊन पोरंटोरं घरी गेली की ही दोघं निघायची.

मोटरहोमवाल्यांच्या मुक्कामावर संध्याकाळी फुकटचा तमाशा असतो. आधी येऊन पोचलेली मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून, हातात बिअरचा डबा धरून नव्या माणसाची वाट बघत बसतात. नवी गाडी येते. तिला दोन झाडांमधल्या चिंचोळ्या जागेत पाठमोरं शिरायचं असतं. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी, आणि मग सुरू होतं. डावीकडे घे. माझ्या डावीकडे की तुझ्या? अरे, गाडीच्या! जन्मभर सुखाने नांदलेली जोडपी तेवढ्या वेळात एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरतात आणि रात्रीचं जेवण टेबलाच्या दोन टोकांना बसून करतात. बघणारे मान खाली घालून हसतात, कारण काल त्यांची पाळी होती.

क्रूगर नवरा-बायकोने मात्र या प्रेक्षकांची कायम निराशा केली. त्यांच्यात एक शब्द व्हायचा नाही. आर्लिस मागे उभी राहायची, नॉर्बर्ट आपल्या बाजूच्या लांबोळक्या आरशात तिच्याकडे बघायचा. तिने दोन्ही तळहात स्वतःकडे ओढले की ये. एक हात लांब केला की त्या बाजूला वळ. मूठ वर गेली की थांब, आहेस तिथे. आणि गाडी जागेवर नीट बसली की ती मागच्या पत्र्यावर दोनदा थाप मारायची. म्हणजे झालं, उतर आता. एरवी घरी ही दोघं कमी भांडायची असं कुणी समजू नये. टोस्ट किती करपावा यावरून त्यांचं रोज वाजायचं. पण गाडी मागे घेताना तो तिचे हात बघायचा आणि ती सांगेल तिथे जायचा, आणि आयुष्यात एवढी खात्री त्याला दुसऱ्या कशाचीच नव्हती.

नियम एकच होता आणि तो आर्लिसने घातला होता. पहिल्याच वर्षी आयोवात तिच्या पायातली चप्पल निसटली, ती घ्यायला ती खाली वाकली, आणि नॉर्बर्ट आपला गाडी मागे घेत राहिला. थोडक्यात वाचली. आरडाओरडा करणाऱ्यातली ती नव्हे. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात तिची हयात गेली होती, आवाज चढवून काही होत नाही हे ती तिथेच शिकली होती. ती चालत खिडकीशी आली.

"नॉर्ब, मी आरशात दिसले नाही तर हलायचं नाही," ती म्हणाली. "मेले असं समज, पण थांब."

त्यानंतर तो कधी हलला नाही.

या वर्षी त्यांना पॅसिफिक गाठायचा होता. वसंतात डॉक्टरांनी आर्लिसच्या विसरण्याला मोठं नाव दिलं, तेव्हा त्यांची मुलगी जॅनेल म्हणाली होती, आता कसला प्रवास. नॉर्बर्ट म्हणाला, आताच तर प्रवास. जॅनेल बापासारखीच हट्टी, पण तिला नोकरी होती, मुलं होती, आणि त्याच्याकडे रिकामा वेळ होता. त्यामुळे तो जिंकला.

समुद्र काही आला नाही. मोंटानात लिव्हिंगस्टनजवळ, नदीकाठच्या मुक्कामावर, तो गाडी मागे घेत होता. आरशात आर्लिस स्वच्छ दिसत होती. निळा स्वेटर, पांढरे केस, दोन्ही तळहात स्वतःकडे. ये. ये. तो आला. ती बोलावत राहिली आणि तो येत राहिला. मग मागे कडकड झालं, कपाटातल्या बश्या खाली आल्या, आणि ओटिलियाचा मागचा कोपरा एका म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्यात शिरला. तो धावत मागे गेला. आर्लिस झाडाच्या शेजारी उभी होती आणि तिचे हात अजून चाललेच होते.

"का थांबलास?" तिने विचारलं.

खुर्च्यांवरचं कुणी हसलं नाही. एक जण पहार घेऊन आला आणि वाकलेला पत्रा चाकापासून दूर करून दिला. त्याच्या बायकोने आर्लिसला हाताला धरून आपल्याकडे कॉफीला नेलं. एवढ्या चांगुलपणाने वागले ते लोक, की नॉर्बर्टला त्यांचा राग आला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. झाडाच्या शेजारी उभी होती ती, दोन पावलं सरकली असती तर झाडाच्या पुढे असती. तिने त्याला आपल्याच अंगावर बोलावून घेतलं असतं, आणि तो आला असता, कारण आरशात ती दिसत होती. नियम मोडला नव्हता कुणीच. तिला फक्त मूठ आठवली नव्हती.

सकाळी जॅनेलचा फोन आला. फर्गस फॉल्समध्ये, त्यांच्या घरापासून जवळच, तिने एक जागा बघून ठेवली होती. अशाच लोकांसाठीची. चोवीस तास माणसं, दाराला कुलूप, आणि खोलीतून तळं दिसतं.

"तळं ती माझ्याबरोबर बघेल," नॉर्बर्ट म्हणाला.

"बाबा, तू किती दिवस पुरणार आहेस?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "ती मला ओळखते आहे तोवर ती माझ्याजवळ राहील. ज्या दिवशी ओळखणार नाही, त्या दिवशी तू म्हणशील ते करीन. शब्द देतो."

जॅनेलने तो शब्द धरून ठेवला. बापाने आजवर दिलेला शब्द मोडला नव्हता हे तिलाही माहीत होतं.

मग बिलिंग्ज. गावाबाहेर जुनी मोटरहोम घेणाऱ्याचं अंगण होतं, तिथे ओटिलिया उभी राहिली आणि भाड्याची गाडी तिच्या शेजारी येऊन लागली. पांढरी, बुटकी, आतून नव्या प्लॅस्टिकचा वास येणारी. फर्गस फॉल्सला पोचून तिथल्याच कचेरीत परत करायची. नॉर्बर्ट सामान हलवू लागला. रजई, कॉफीची किटली, औषधांची पिशवी, फोटो. घडीच्या खुर्च्यांपैकी मागच्या सीटवर एकच मावत होती. एक नेऊन काय करायचं म्हणून त्याने दोन्ही ओटिलियातच ठेवून दिल्या. गाडी घेणाऱ्याला त्याने शेगडीचं बटण कसं आधी दाबून मग फिरवायचं ते दाखवलं. तो माणूस बरं बरं म्हणत होता आणि त्याचं लक्ष वाकलेल्या पत्र्याकडे होतं.

आर्लिस तोवर ओटिलियात पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. उतरायला तयार नव्हती. निघायची वेळ झाली की ती तिथे बसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि आज निघायचंच होतं की नाही? तेव्हाच नॉर्बर्टने ते दुरुस्तीचं सांगितलं.

"मग आधी बोलायचं नाही का," ती म्हणाली. पट्टा सोडला, समोरच्या काचेखाली हात फिरवला. "लवकर बरी होऊन ये गं."

नॉर्बर्ट दुसरीकडे बघत होता. गाडी घेणारा खाली मान घालून किल्ल्या मोजायला लागला, होत्या दोनच.

भाड्याची गाडी म्हणजे पदोपदी टोकणारी सासू होती. पट्टा नाही लावला, टोकलं. रस्त्यावरची रेघ ओलांडली, टोकलं. मागे घ्यायला गेलं की समोर चौकोनी पडद्यावर मागचं चित्र उमटायचं, हिरव्या-तांबड्या रेघांसकट, आणि जरा काही जवळ आलं की पिंपिं सुरू. दुधाच्या टँकरने शेणाच्या ढिगाऱ्यांमधून वाट काढलेल्या माणसाला ही गाडी शिकवत होती.

आणि रस्ता उंच झाला होता. म्हणजे हीच दोघं खाली आली होती. ओटिलियातून कुंपणांच्या पलीकडची गुरं दिसायची, यलोस्टोन नदीचं वळण दिसायचं. आता दिसत होती ट्रकची चाकं. शिवाय आणखी एक गोष्ट घडत होती. मोटरहोमवाले रस्त्यात समोरासमोर आले की एकमेकांना हात करतात. ओळख नसते, पुन्हा भेट व्हायची नसते, तरी स्टिअरिंगवरून चार बोटं उचलायचीच. समोरून एक मोठं मोटरहोम आलं तशी नॉर्बर्टची बोटं आपोआप वर गेली. पलीकडचा माणूस सरळ बघत निघून गेला. दुसऱ्यानेही तेच केलं. आर्लिस तर पंजा हलवून हात करत होती.

"शिष्ट झालेत लोक," ती म्हणाली.

"त्यांना आपण कोण ते कळत नाही, आर्लिस."

"का? आपण तेच तर आहोत."

त्याने रेडिओ लावला. गव्हाचे भाव ऐकू येऊ लागले. दोन बाजूंना काही नसलेला देश, मधून एक रस्ता, आणि शेजारी बायको बसलेली असताना नॉर्बर्टला वाटत होतं की गाडीत आपण एकटेच आहोत. हे वाटल्याची त्याला लाजही वाटली. त्याने तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण ती खिडकीबाहेर बघत होती.

माइल्स सिटीला जेवायला थांबले. नॉर्बर्टची जुनी खोड होती, गाडी कायम पाठमोरी लावायची, तोंड रस्त्याकडे. टँकर असो, मोटरहोम असो की ही पांढरी बुटकुली. त्याने गाडी तिरकी केली आणि गिअर टाकला, तोच आर्लिस दार उघडून खाली उतरली आणि मागे जाऊन उभी राहिली. सवयीने, कुणी न सांगता.

गाडीने आकांत मांडला. पिंपिं, पिंपिं, मग एक लांब किंकाळी. पडद्यावर आर्लिस होती, पोटापासून खाली, तांबड्या रेघांच्या मधोमध. नॉर्बर्टच्या डोळ्यांपुढे ते झाड आलं. त्याने करकचून ब्रेक दाबला, काच खाली केली आणि तो ओरडला.

"बाजूला हो! गरज नाही तुझी, कॅमेरा आहे गाडीला!"

आर्लिसचे हात खाली आले. ती बाजूला झाली. त्याने गाडी लावली, एका फटक्यात, रेघांच्या बरोबर मधोमध. तो उतरला तेव्हा ती फुटपाथवर पर्स पोटाशी धरून उभी होती.

"मग माझं काय काम?" तिने विचारलं.

रागाने विचारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. नोकरीवरून काढलेला माणूस आता घरी काय सांगू म्हणून विचारतो, तसं तिने विचारलं. त्याने तिच्यासाठी हॉटेलचं दार उघडून धरलं. आत जाऊन त्यांनी टोमॅटोचं सूप आणि चीज घातलेले भाजके सँडविच मागवले. नेहमीप्रमाणे तिने आपल्या सँडविचचा अर्धा भाग त्याच्या बशीत ठेवला, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. नवरा कोण, त्याला भूक किती, हे तिला माहीत होतं. शब्द शाबूत होता.

जेवताना तो तिला म्हणाला की पुढच्या वेळी तूच गाडी लावून घे. ती हसली आणि कुठली गाडी म्हणाली.

डिकिन्सनला पोचले तेव्हा ऊन कलंडलं होतं. मोटेल एका मोठ्या दुकानाच्या शेजारी होतं आणि दोघांचं अंगण एकच. अशा दुकानांच्या अंगणात लांबच्या कडेला मोटरहोमवाले रात्रीपुरते टेकतात, कुणी हरकत घेत नाही. नॉर्बर्टने गाडी मोटेलच्या दारासमोर उभी केली, इंजिन चालू ठेवलं, आर्लिसला ऊब मिळावी म्हणून.

"इथेच बस. किल्ली घेऊन आलोच."

"मी कुठे जाते?" ती म्हणाली.

आतल्या मुलीला त्याचं आडनाव सापडेना. मग सापडलं तर खोली वरच्या मजल्यावरची होती. त्याला खालची हवी होती आणि दाराला वरच्या बाजूला कडी असलेली. का हवी ते सांगताना तो अडखळला. मुलीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मग काही न विचारता खोली बदलून दिली. या सगळ्यात वेळ गेला.

तो बाहेर आला तेव्हा गाडीचं दार सताड उघडं होतं आणि गाडी रिकाम्या सीटवर पिंपिं करत होती.

आधी तो रस्त्याकडे धावला, कारण वाईट तेच आधी सुचतं. रस्त्यावर काही नव्हतं. मग तो वळला, आणि अंगणाच्या पार त्या टोकाला त्याला ओटिलिया दिसली.

क्रीम रंग, पोटावरून तपकिरी पट्टा. क्षणभर त्यालाही वाटलं की आली, खरंच बरी होऊन आली, आणि त्या क्षणभरात तो जितका सुखावला तितका गेल्या वर्षात सुखावला नव्हता. मग त्याने इडाहो राज्याची नंबरपाटी बघितली. त्याच बनावटीची दुसरी गाडी होती ती, दिव्याचा खांब आणि कचऱ्याची मोठी पेटी यांच्या मधल्या जागेत पाठमोरी शिरत होती. तिच्या मागे निळा स्वेटर घालून आर्लिस उभी होती.

तो धावणार होता. धावला नाही. तिने दोन्ही तळहात स्वतःकडे ओढले. ये. मग डावा हात लांब केला, गाडीची शेपटी तिकडे वळली. पुन्हा ये, आता हळू, बोटांनीच. नॉर्बर्ट त्या अंगणात किल्ली हातात धरून उभा राहिला. आजवर त्याने ही बाई फक्त आरशातून बघितली होती, आरशाबाहेरून ती गाडी लावताना कशी दिसते हे त्याला माहीतच नव्हतं. ती ताठ उभी होती. ती खांबाच्या बाजूला, सुरक्षित जागी उभी होती. आणि खांब हातभर उरला तेव्हा तिची मूठ वर गेली.

मूठ वर गेली. नॉर्बर्टच्या तोंडून आवाज निघाला, कसला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तिला आठवत होती. सगळं आठवत होतं तिला, आणि त्याने त्या गाडीच्या किल्ल्या बिलिंग्जला एका माणसाच्या हातात देऊन टाकल्या होत्या.

गाडीतून एक दाढीवाला उतरला, एकटाच, काखेत लहानसा कुत्रा. मागे उभं राहायला त्याला कुणी नसावं. तो आर्लिसचे आभार मानायला पुढे आला, तर आर्लिस त्याच्या बाजूने निघून गेली, बाजूचं दार उघडून पायरीवर चढली आणि आत डोकावून बघू लागली. दाढीवाला गोंधळून उभा राहिला. तेवढ्यात नॉर्बर्ट पोचला.

"आर्लिस," तो म्हणाला.

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते हसू नॉर्बर्टच्या चांगल्या ओळखीचं होतं. मुक्कामावर शेजारचं कुणी ओळख करून घ्यायला आलं की ती असंच हसायची.

"या," ती म्हणाली. "हवा काय छान पडलीय, नाही? आत्ताच पोचलो आम्ही. गाडी दुरुस्तीला होती, बघा, खोक शोधून सापडायची नाही. कॉफी टाकते, पण जरा थांबावं लागेल तुम्हाला. माझा नवरा अजून खाली उतरलेला नाही."

नॉर्बर्ट पायरीपाशीच थांबला.

"तो असाच आहे," ती त्याला समजावून सांगू लागली. "मी आरशात दिसले नाही तर जागचा हलत नाही."

दाढीवाल्याने नॉर्बर्टकडे बघितलं, मग जमिनीकडे. कुत्र्याने शेपूट हलवली. फर्गस फॉल्स पुष्कळ लांब होतं. जॅनेलला हे सांगायला इथे कुणी नव्हतं, आणि हा इडाहोचा माणूस सकाळी निघून जाणार होता. नॉर्बर्टच्या मनात हे सगळं येऊन गेलं. त्याचबरोबर हेही आलं की शब्द त्याने जॅनेलला दिला खरा, पण तो मोडला की नाही हे जॅनेलला विचारायची गरज नाही, ते त्याचं त्यालाच कळतं.

तो दाढीवाल्याशी हळू आवाजात बोलला. फार नाही, दोन वाक्यं. पुढच्या सीटवर थोडा वेळ बसू का, एवढंच मागणं होतं. दाढीवाल्याने मान हलवली आणि कुत्र्याला घेऊन तो चार पावलं दूर जाऊन उभा राहिला.

मग नॉर्बर्ट आपल्या बायकोला म्हणाला, "बाई, तो तुमचीच वाट बघत असेल. मागे जाऊन थाप मारली नसेल तुम्ही."

"खरंच की," आर्लिस म्हणाली. "राहिलीच ती." आणि पायरीवरून उतरून, पत्र्याला हात लावत, ती गाडीच्या मागे गेली.

तो ड्रायव्हरच्या सीटवर चढला. सीट त्याच्यासाठी जरा खाली होती, पण बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. तसाच लांबोळका आरसा. आरशात कचऱ्याची पेटी होती, खांबाची लांब सावली होती, दुकानाच्या ढकलगाड्यांची रांग होती. ती नव्हती. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. ती दिसली नाही तर हलायचं नाही. इंजिन बंद होतं, गाडी दुसऱ्याची होती, जायचं कुठेच नव्हतं, तरी तो हलला नाही.

मग आरशाच्या कडेला निळा स्वेटर आला. आर्लिस मधोमध येऊन थांबली आणि तिने वर बघितलं, आरशात, तो ज्या जागी असायचा तिथे. तिचा चेहरा बदलला. शेजाऱ्यांसाठीचं ते हसू गेलं आणि तिने कपाळाला आठी घातली, नवऱ्याला उशीर झाला की घालायची तशी.

पत्र्यावर दोनदा थाप पडली.

"उतर रे, नॉर्ब," मागून आवाज आला. "किती वेळ उभं करशील? भूक लागली."

त्याने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. आरशात तिनेही हात केला. ती त्याला ओळखत होती. तो तिथे बसून होता तोवर ती त्याला नावाने हाक मारत होती, त्याच्यावर चिडत होती, त्याची बायको होती. खाली उतरून तो तिच्यासमोर गेला की मग आपण कोण असू, हे त्याला माहीत नव्हतं. पलीकडे मोटेलच्या दारात ती पांढरी गाडी उघड्या दाराने अजून पिंपिं करत होती.

दाढीवाला पाठ करून उभा होता. कुत्रा थंडीने कुडकुडायला लागला होता. नॉर्बर्ट आरशात बघत बसून राहिला.

आर्लिसने पुन्हा दोनदा थाप मारली.